लॉनला नायटा झाला तेव्हा

सोलापुरात दारापुढे लॉन ठेवणं हाच मुळात थोडा आगाऊपणा आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर, पाऊस वर्षाला ६००-७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही सगळा भर सप्टेंबरवर. जुळे सोलापुरातलं हे घर घेतलं तेव्हा पुढचं साधारण ६०० चौरस फुटांचं लॉन आयतंच मिळालं. नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात ते गवत, खाली काळी माती आणि तिच्यावर आधीच्या मालकांनी पसरलेला चार बोटं लाल मातीचा थर. मी स्वतः असलं काही लावलं नसतं. उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं ज्या गावात आहेत, तिथे गवताला पाणी घालताना मन खातं. पण हिरवं उखडून फरशी घालायलाही हात धजेना. म्हणून राहिलं.

गणपती उठले आणि त्या आठवड्यात लॉनवर डाग दिसायला लागले. आधी बशीएवढे, मग ताटाएवढे. गोलसर, मधे वाळक्या कडब्याच्या रंगाचे, कडेला काळपट तपकिरी. एक डाग कुंपणाजवळ, दोन-तीन मधल्या उतारावर, आणि ते हळूहळू एकमेकांना जाऊन भिडायच्या बेतात.

निदान करायला सगळेच तयार. माळीमामा म्हणाले, "पाणी कमी पडलंय की बाई, अजून काय." आमच्या यांचं म्हणणं, गल्लीतली कुत्री रात्री गेटखालून आत येतात, त्यांचाच हा उद्योग. शेजारच्या काकूंनी हात झटकले, "सोलापुरात कसली आलीय बुरशी? बुरशी कोकणात." सांगोल्याला माझा धाकटा भाऊ डाळिंब करतो. त्याला फोटो पाठवला तर दोन मिनिटांत फोन.

"अक्का, एक टक्का बोर्डो मार. विषय संपला." बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारायचं मिश्रण.

"कशासाठी मारू?"

"बुरशीसाठी."

"बुरशी आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"फोटोत दिसतंय की."

फोटोत दिसत नाही, हे मी त्याला सांगून उपयोग नव्हता. माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. त्वचेचे डॉक्टर पेशंट पाठवायचे, मी डागाची कड खरवडून काचपट्टीवर घ्यायची, वर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायची आणि थोडा वेळ थांबून मायक्रोस्कोपखाली पाहायची. आम्ही त्याला केओएच म्हणत असू. नायटा असेल तर कातडीच्या पेशींमधून बुरशीचे धागे जाताना दिसतात. नायट्याचं एक आहे, नमुना कडेचा घ्यायचा. मधला भाग बरा झालेला किंवा मेलेला असतो, जिवंत बुरशी कडेवर पुढे सरकत असते. पेशंटने आधीच कुठलंतरी मलम चोपडलेलं असलं की रिपोर्ट हमखास बिघडायचा. दारापुढच्या त्या डागांकडे पाहून मला आधी नायटाच आठवला. म्हणून घरात सगळ्यांना बजावलं, मी सांगेपर्यंत यावर काहीही मारायचं नाही, शिंपडायचं नाही.

बुरशी शोधण्याआधी बुरशी नसलेल्या गोष्टी बाद करायच्या होत्या. त्यांची यादी लांब आहे, आणि लोक फवारणीवर पैसे घालवतात ते बहुतेक हीच पायरी गाळल्यामुळे.

कुत्र्याच्या लघवीचा डाग ओळखायला सोपा. मधे जळालेलं आणि भोवती गर्द हिरवं, चांगलं पोसलेलं कडं. लघवीत नत्र असतं. मधे ते जास्त होऊन गवत जाळतं, कडेला बेताचं पोचून खताचं काम करतं. आमच्या डागांना असं हिरवं कडं नव्हतं, त्यामुळे कुत्री सुटली. पाणी कमी पडलं का, हे पाहायला जुना लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबला. डागात आणि डागाबाहेर सारखाच सरसर आत गेला. कोरड्या काळ्या मातीत तो दोन इंचांवर अडतो. उलट, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिखल लागून आला, त्याची नोंद मी तेव्हाच डोक्यात करून ठेवली.

मग हुमणी. उसाच्या पट्ट्यात हुमणी सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे लिंबावर आणि बाभळीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते आणि पुढे पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळं खातात. लॉनमध्ये हुमणी असेल तर गवत गालिचा उचलावा तसं हाताने वर येतं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. मी डागाच्या कडेला खुरप्याने चौकोन कापून उचलला. मुळं जागेवर, पांढरी, मातीला धरून. अळी एकही नाही. वाळवीचाही पत्ता नाही.

राहता राहिलं कापायचं मशीन. पातं बोथट असलं की गवत कापलं न जाता फाटतं, टोकं चिंध्या होऊन पांढरी पडतात आणि लांबून सगळं लॉन आजारी दिसतं. माळीमामांच्या मशीनचं पातं बोथट होतंच, पण ती पांढरी छटा लॉनभर सारखी होती. गोल डाग त्यातून येत नाहीत. फक्त, फाटलेलं टोक ही बुरशीला उघडी जखम मिळते, म्हणून पातं धारेला पाठवलं ते आधीच.

आता बुरशीकडे वळायला हरकत नव्हती. सकाळी सहाच्या सुमारास, उन्हं यायच्या आत, मी डागाशेजारी पाट टाकून बसले. दव असताना पाहणं महत्त्वाचं, कारण ऊन चढलं की धागे सुकून दिसेनासे होतात. डागाच्या कडेवर पात्यांमध्ये करड्या-पांढऱ्या रंगाची विरळ जाळी होती, कोळिष्टकासारखी वाटली तरी कोळ्याची नव्हे. कोळ्याचं जाळं पात्यांच्या टोकांवर ताणलेलं असतं, हे खाली बुडख्याशी लपलेलं. कडेची पाती एकेक करून ओढली. डागाबाहेरचं पातं ओढलं की तुटतं. कडेवरचं पातं अलगद निघून हातात यायचं, आणि त्याचं बूड, जिथे ते खोडाला आवळून असतं तो भाग, तपकिरी होऊन सडलेला. दहा पट भिंगातून पात्यावरचे चट्टेही पाहिले. नाण्याएवढे डाग पाडणारी एक वेगळी बुरशी असते, तिचे चट्टे मधे निमुळते होतात, डमरूच्या आकाराचे, दोन्ही बाजूंना तांबूस रेघ. तसे इथे नव्हते. बोटाने पातं पुसून पाहिलं तर नारिंगी पूडही लागली नाही, म्हणजे तांबेराही गेला.

नमुने कडेवरून घेतले, आणि तुलनेसाठी काही डागाच्या मधलेही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरला, त्यावर पाती ठेवली, झाकण लावलं आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. सुनेने फळीकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही, हे तिचे उपकार. दुसऱ्या दिवशी कडेच्या पात्यांवर धाग्यांची वाढ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

लॅबने नवी उपकरणं घेतली तेव्हा एका डोळ्याचा जुना मायक्रोस्कोप मी मोडीच्या भावात मागून घेतला होता. आरसा फिरवून उजेड घ्यायचा तो. केओएचऐवजी इथे लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू वापरलं, त्याने बुरशीचे धागे निळे होतात.

आधी मधलं, मेलेलं पातं लावलं. त्यावर बीजाणूच बीजाणू: तपकिरी, किंचित वाकडे, तीन आडव्या पडद्यांचे, मधला कप्पा फुगलेला. ही कर्व्हुलॅरिया, तिला ओळखायला फार हुशारी लागत नाही. उन्हाने, पाण्याने दमलेल्या गवतावर ती रोगही करते. पण मेलेल्या पानावर कर्व्हुलॅरिया सापडणं म्हणजे फार काही नाही. ती पडीक पाल्यावर वाढणारी आहे, मढ्यावर येणाऱ्यांपैकी. लॅबमध्ये कफाच्या नमुन्यात तोंडातले नेहमीचे जिवाणू सापडतात, म्हणून ते न्यूमोनियाचं कारण ठरत नाहीत, तशातली गोष्ट. एखाद्याने इथेच थांबून रिपोर्ट लिहिला असता.

कडेच्या पात्याचं सडलेलं बूड लावलं तेव्हा चित्र वेगळं होतं. बीजाणू नाहीत. जाड, फिकट तपकिरी धागे. त्यांना फुटणाऱ्या फांद्या जवळजवळ काटकोनात. फांदी जिथे फुटते तिथे धागा थोडा आवळलेला आणि लगेच पुढे एक आडवा पडदा. रायझोक्टोनिया. भाताच्या पानांच्या आवरणावर करपा आणणारी तीच ही, लॉनवर तिने पाडलेल्या डागांना इंग्रजीत ब्राउन पॅच म्हणतात. या जातकुळीचं वैशिष्ट्य म्हणजे ती रोग पसरवायला बीजाणूंवर अवलंबून नसते. जमिनीतल्या बारीक, घट्ट गाठींमध्ये प्रतिकूल काळ काढते आणि ऊब-ओल मिळाली की धागे सरपटत एका पात्यावरून दुसऱ्यावर जातात. डाग गोल का असतो त्याचं कारण हेच. सुरुवात एका बिंदूपासून आणि वाढ चहूबाजूंनी सारखी.

धाग्यांत आडवे पडदे दिसणं ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण औषध त्यावर ठरतं. पिथियम नावाचा दुसरा एक भिडू गरम, दमट हवेत लॉनचा एका रात्रीत चिखल करतो. पाती तेलकट, ओशट होऊन चिकटतात. त्याच्या कोवळ्या धाग्यांत पडदे नसतात, आणि खरं तर तो बुरशीच नाही, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचा आहे. कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक त्याच्यावर काहीही करत नाही, त्याला मेटॅलॅक्झिल लागतं. म्हणजे दोन डाग, दोन्ही ओलीतून आलेले, आणि एकाचं औषध दुसऱ्याला पाणी.

हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला, कारण या दुखण्यातून तो गेला आहे. त्यांच्याकडे डाळिंबावर तेल्या रोग पहिल्यांदा आला तेव्हा आख्ख्या शिवाराने बुरशीनाशकं मारली. तेल्या जिवाणूचा, झँथोमोनासचा. पानावर तेलकट ठिपके, फळाला तडा, आणि बुरशीनाशकाच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या. पुढे सोलापूरजवळ केगावला, २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात, फांद्या घेऊन जाणारे शेतकरी वाढले आणि बागेत नेमकं काय आहे ते आधी विचारायची सवय लागली. त्याचा बोर्डोवर एवढा जीव आहे तो तिथूनच, कारण तांबं जिवाणूलाही आवरतं. पण लॉनवर बोर्डो मला नको होतं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे मिश्रण डाळिंबाच्या पानाला चालतं. कोवळं गवत तांब्याने भाजतं, आणि वरचेवर मारलं तर तांबं मातीत साठत राहतं. आमची माती आधीच चुनखडीची, तिच्यावर आणखी चुना कशाला ओतू?

"बरं, मग काय मारणार?"

"आधी पाणी बंद."

"अगं, औषध विचारतोय मी."

औषधाच्या आधी पाणी, कारण माझ्या डोक्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला लागलेला चिखल होता. आलेखाच्या कागदावर लॉनचा नकाशा काढून डाग भरले. सगळे एका पट्ट्यात बसले: गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप जिथे उतरतो तिथून कुंपणाकडे जाणाऱ्या उतारावर. आमच्याकडे नळाला उजनीचं पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस असतो, आणि आमच्या भागात तो दिवस रात्री उजाडतो. साडेदहा-अकराला पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरायची. डोळा लागला की टाकी वाहते. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून यांनी निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने ओव्हरफ्लोचा पाइप लॉनवर सोडला होता, आणि मी त्यांचं कौतुकही केलं होतं. सोलापुरात पाण्याचा थेंब वाचवणारा माणूस शहाणाच. पण त्याचा गवतासाठी अर्थ असा की पाण्याच्या रात्री अकरापासून सकाळी ऊन येईपर्यंत पाती आणि बुडखा सलग भिजलेले. उन्हाळ्यात हे खपून जातं, हवा तासाभरात सगळं ओढून घेते. सप्टेंबरात रात्रही दमट, उबदार. पातं दहा-बारा तास ओलंच. बुरशीला गाव ओलं असण्याची गरज नसते, तिला एवढं पुरतं.

त्यात मातीचे दोन थर. वरची लाल माती भुसभुशीत, खालची काळी माती फुगून बसलेली. पाणी लाल थरातून झरझर उतरतं आणि काळीच्या तोंडाशी थांबतं. मुळांच्या पातळीवर ते साचून राहतं.

यांना पटायला वेळ लागला. "म्हणजे पाणी गटारात सोडू?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शेवटी २०० लिटरचं निळं पिंप आणलं, पाइप त्यात उतरवला आणि पिंपाला खाली तोटी लावली. आता ते पाणी सकाळी सहा ते आठच्या मधे पडतं. सकाळीच का, तर रात्रीच्या दवाने पातं तसंही ओलं असतं, त्यातच पाणी दिलं की ओलीचे तास वाढत नाहीत आणि लगेच ऊन येऊन सुकवतं. आठवड्याला साधारण एक इंच पाणी लॉनला पुरतं. ६०० चौरस फुटांना ते १,४०० लिटर होतात. मला हा आकडा जास्त वाटतो, म्हणून मी बोअरचं पाणी वापरते आणि पावसाच्या आठवड्यात तेही देत नाही. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन वेळा नीट भिजवलेलं बरं. काळी माती पाणी हळू पिते, त्यामुळे अर्ध देऊन थांबायचं, मुरलं की उरलेलं.

दुसरा मुद्दा युरियाचा निघाला. गणपतीच्या आधी लॉन हिरवंगार दिसावं म्हणून माळीमामांनी किलोभर युरिया मुठीने फेकला होता. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४६० ग्रॅम. ६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. चौरस मीटरला ८ ग्रॅमच्या वर. एका वेळी ५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. जास्त नत्राने पातं भराभर वाढतं, लुसलुशीत, पातळ कातडीचं, आणि रायझोक्टोनियाला तेच आवडतं. मी मामांना म्हटलं, पाऊस संपेपर्यंत युरियाची पिशवी माझ्या ताब्यात. ते म्हणाले, "मग पिवळं पडलं तर मला बोलायचं नाही बाई." करार झाला.

आता औषध. कृषी सेवा केंद्रात जाऊन मी फक्त एवढं म्हटलं, लॉनवर डाग आहेत. काउंटरवर चार वस्तू आल्या: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक आणि वर एक स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव. "सगळं एकाच पंपात चालतं ताई." डाग कसले, हा प्रश्न आला नाही. मी रायझोक्टोनिया म्हटल्यावर मात्र दुकानदाराने चष्मा वर करून पाहिलं आणि भाताच्या शेतकऱ्यांसाठी ठेवलेली बाटली काढली: व्हॅलिडामायसिन ३ टक्के.

हे औषध मला आवडलं, थोडं माझ्या पेशामुळेही. ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळतं, स्ट्रेप्टोमायसिनच्या खानदानातलं. ते बुरशीला थेट मारत नाही; तिच्या धाग्यांना साठवलेली साखर वापरता येत नाही, म्हणून त्यांची पुढची धाव थांबते. जी बुरशी फक्त सरपटत पसरते तिची धाव थांबली की काम झालं. सोबत अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के घेतलं. त्याचीही कथा गमतीची: पाइनच्या गळलेल्या बोंडांवर उगवणारी एक बारकी अळंबी आपल्याजवळ दुसऱ्या बुरशींना येऊ देत नाही, ती ज्या द्रव्याने हे करते त्याचा पत्ता १९७०च्या दशकात जर्मनीत लागला आणि त्यावरून हे औषध पुढे बनवलं गेलं. बुरशीवर बुरशीचाच उतारा.

दोन्ही एकत्र नाही मारली. आधी अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, लिटरला १ मिली. पंधरवड्याने व्हॅलिडामायसिन, लिटरला २ मिली. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशी सरावते, अँटिबायोटिकचं जे होतं तेच. बाटल्यांवर भात, द्राक्ष, मिरची अशी नावं होती, लॉन कुठेही नव्हतं, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर जागेवर मारून दोन दिवस पाहिलं. नंतर सहा लिटर पाण्यात सगळ्या लॉनला, डागांना आणि त्यांच्या बाहेर दोन फुटांपर्यंत जास्त. नोझल गवताच्या जवळ, कारण औषध बुडख्याशी पोचायला हवं. वरून धुकं उडवून उपयोग नाही. वारा नसलेली सकाळ, पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. नातवाला दोन दिवस मागच्या अंगणात. त्याआधी डागांवरचं गवत वेगळं कापून पिशवीत भरून टाकलं आणि मशीन धुऊन घेतलं, नाहीतर मशीनच रोग वाहून नेतं. गवत दोन इंचांखाली कापायचं नाही, हेही ठरलं.

फरक काय पडला, तर डाग हिरवे झाले नाहीत. मेलेलं पातं कुठल्याही औषधाने जिवंत होत नाही, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. चार दिवसांनी डाग तसाच दिसला की दुसरी बाटली आणतात. पाहायची ती कड. मी डागांच्या कडेला आईस्क्रीमच्या काड्या रोवल्या होत्या. पहिल्या फवारणीनंतर कोणताच डाग काडीच्या बाहेर गेला नाही. पाऊस उघडला, पिंप सुरू झालं, आणि ऑक्टोबर संपता संपता जमिनीलगतच्या खोडांमधून नवे फुटवे मधे सरकायला लागले. दोन जागा भरल्याच नाहीत, तिथे दुसऱ्या कोपऱ्यातले तुकडे कापून लावले. दिवाळीनंतर सगळ्या लॉनमध्ये बागेच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडली आणि त्यांत जाडी वाळू झाडूने लोटली, म्हणजे लाल-काळ्या थरांच्या सांध्यात पाण्याला वाट होईल. हे काम कंटाळवाणं आहे. माळीमामांनी अर्ध्यातच चहा मागितला, मीही बसले. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी, तेही शेणखतात कालवून पसरलं, पण त्याचा किती उपयोग झाला ते वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि रासायनिक बुरशीनाशकाच्या जवळपास ते टाकूच नये, कारण तीही बुरशीच.

बोअरच्या नळाजवळचा पिवळा पट्टा ही निराळी भानगड. माळीमामांनी लगेच बोट दाखवलं, युरिया बंद केल्याचा परिणाम म्हणून. पण नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पाती पिवळी होतात. इथे नवी पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या. ते लोह कमी पडल्याचं लक्षण. आमचं बोअरचं पाणी जड, माती चुनखडीची. लोह मातीत असतं पण मुळांना मिळत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, पात्यांवर फवारला. आठवड्यात रंग आला. फक्त फरशीवर थेंब पडू द्यायचे नाहीत, गंजाचे डाग जन्मभर राहतात. अशा पिवळेपणावर बुरशीनाशक मारणारे मी पाहिले आहेत.

आणि छत्र्या. लॉनच्या मागच्या टोकाला गर्द हिरव्या गवताचं एक अर्धवर्तुळ आहे, पावसात त्याच्यावर पांढऱ्या छत्र्या उगवतात, वर तपकिरी खवले. तिथे पूर्वी गुलमोहर होता आणि आधीच्या मालकांनी तो तोडून बुंधा मातीखाली गाडला, हे मागच्या घरच्या आजींकडून कळलं. गाडलेलं लाकूड कुजवणारी ही बुरशी गवताला खात नाही. कुजण्यातून सुटलेलं नत्र मिळून वर्तुळ गर्द होतं. त्रास एवढाच की तिचे धागे माती मेणचट करतात, पाणी वर टाकलं की थेंब मातीवर उभा राहतो आणि आतलं गवत तहानेने मरतं. इथे औषध फारसं चालत नाही. काट्याने खोल भोकं पाडून, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून सावकाश जिरवलं की माती पाणी प्यायला लागते.

माळीमामांनी विचारलं, "खायच्या असतात का या?" मी एक टोपी देठापासून काढून रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट पूड. खवल्यांची टोपी आणि हिरवे बीजाणू म्हणजे क्लोरोफायलम, उलट्या-जुलाबांनी माणसाला सलाइनवर नेणारी. मामांना कागद दाखवला, नातवालाही.

बुंधा काढायला माणूस लावला होता. कुदळीने निघालं तेवढं लाकूड काढलं, पण मुळं कंपाउंडच्या भिंतीखाली गेली आहेत आणि भिंत पाडायची आमची तयारी नाही. त्यामुळे पावसाळ्यात छत्र्या येतात. हातमोजा घालून, टोपी उघडायच्या आत काढायच्या, पिशवीची गाठ मारायची आणि घंटागाडीत द्यायच्या.